दूरदेशींचे पाहुणे आणि आमचीं तळीं

आमच्या कवींनीं हंसाला मानससरोवरीं पाठविलें, चक्रवाकाच्या जोडप्याला रात्रीपुरतें नदीच्या दोन तीरांवर वेगळें बसविलें, आणि क्रौंचाच्या वधापासून आदिकाव्याचा उगम झाला असें सांगितलें. हे सारे कविसंकेत. त्यांचा पक्षिशास्त्राशीं संबंध काय, असें आजचा सुशिक्षित वाचक सहज म्हणून जातो. परंतु संकेताच्या मुळाशीं पुष्कळदां कोणी तरी डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट असते. ‘मेघदूतां’तील राजहंस कमळांच्या कोंवळ्या देठांची शिदोरी घेऊन कैलासाकडे निघतात, आणि हिमालय ओलांडण्यासाठीं क्रौंचरंध्र नांवाची एक खिंड कालिदासानें सांगितली आहे. म्हणजे या पक्ष्यांचें घर हिमालयाकडे आहे, ते ठराविक ऋतूंत जातात-येतात, आणि वाटेंत त्यांना शिदोरी लागते, या तीनहि गोष्टी सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं येथील माणसांना ठाऊक होत्या.

आजच्या शास्त्रानें यांत भर घातली ती मोजमापाची. पट्टकादंब म्हणून एक हंस आहे. अंग राखी, डोकें पांढरें आणि डोक्याच्या मागच्या बाजूस दोन काळे आडवे पट्टे, यांवरून तो ओळखावा. मंगोलिया, तिबेट, लडाख इकडील सरोवरांच्या कांठीं त्याचीं पिलें वाढतात आणि हिंवाळ्यांत तो भारतांत उतरतो. त्याच्या अंगावर लहानसें यंत्र बसवून कृत्रिम उपग्रहाच्या साह्यानें त्याचा माग काढला, तेव्हां हिमालय ओलांडतांना तो ७,००० मीटरांहूनहि अधिक उंचीवर उडत असल्याचें आढळलें. त्या उंचीवर माणसाला चार पावलें टाकतांना धाप लागते. हा पक्षी तेथेंहि पंख हालवीत असतो. चक्रवाकहि लडाख-तिबेटाकडून येतो. तलवार बदक, थापट्या, चक्रांग हीं बदकें सायबेरिया व मध्य आशिया इकडून येतात. चिखलांत चोंच खुपसून किडे टिपणारा टिलवा तर वजनानें जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम भरतो, आणि त्याचें जन्मस्थान उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशांत आहे.

या पाहुण्यांची आणि आमच्या खानदेशाची ओळख जुनी आहे. जेम्स डेव्हिडसन नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें पश्चिम खानदेशांतील पक्ष्यांची यादी १८८२ सालीं ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केली होती. आजच्याएवढीं मोठीं धरणें त्या काळीं येथें नव्हतीं. नदीचे डोह, वाळूचे पट्टे आणि गांवोगांवचीं तळीं हींच पाणपक्ष्यांचीं विसाव्याचीं ठिकाणें. आमच्या एरंडोलजवळचें पद्मालय हें गणपतीचें क्षेत्र सर्वांच्या परिचयाचें आहे. तेथील तळ्यांतल्या कमळांवरूनच त्या स्थानाला हें नांव मिळालें. कमळ उथळ, संथ आणि तळाशीं गाळ असलेल्या पाण्यांत वाढतें. आणि हिंवाळ्यांत येणाऱ्या बहुतेक बदकांना हवें असतें तेंहि तसेंच पाणी. पद्मालय या एका शब्दांत पाणथळ जागेची अर्धी व्याख्या सांठविलेली आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पुढें नद्या अडविल्या गेल्या. अंजनीवर धरण झालें, गिरणेवर झालें, आणि भुसावळ तालुक्यांत हतनूर येथें तापीवर धरण होऊन चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमापर्यंत पाणी पसरलें. मुक्ताईनगराकडे हरताळ्याचा तलाव आहे, जळगांवास मेहरूणचा तलाव आहे. धरणें बांधलीं तीं शेतासाठीं व पिण्याच्या पाण्यासाठीं. पक्ष्यांना कोणी आमंत्रण धाडलें नव्हतें. त्यांना आकाशांतून पाणी दिसलें आणि ते उतरले. आज हतनूरच्या फुगवट्यावर हिंवाळ्यांत बदकांचे थवे दिसतात, चक्रवाक दिसतात, करकोचेहि दिसतात. खानदेशांतल्या रखरखीत उन्हाळ्याची ज्यांना संवय आहे त्यांना हें वैभव पाहून नवल वाटल्याशिवाय राहत नाहीं.

येथपर्यंतची हकीकत मनाला सुख देणारी आहे. पुढची तशी नाहीं, आणि तीच सांगण्यासाठीं हा लेख लिहिला आहे. पंढरीच्या वाटेनें निघालेल्या दिंडीची कल्पना करावी. पंढरपुरांत कितीहि उत्तम धर्मशाळा बांधली, परंतु वाटेवरच्या एका मुक्कामाची विहीर आटली, दुसऱ्या मुक्कामाची जागा कोणी नांगरून टाकली आणि तिसऱ्या ठिकाणीं चोरट्यांनीं वाट अडविली, तर ती धर्मशाळा रिकामीच राहणार. काळ्या अंगाच्या व कपाळावर पांढरा टिळा मिरविणाऱ्या एका पाणपक्ष्याला आमच्या लोकांनीं वारकरी असेंच नांव दिलें आहे. प्रवासी पक्ष्यांच्या साऱ्या समुदायालाच तें शोभून दिसेल. जो प्राणी हजारों कोसांचा प्रवास करून जगतो, त्याचें रक्षण कोणतेंहि एक गांव, एक प्रांत किंवा एक राष्ट्र एकट्यानें करूं शकत नाहीं.

याचा दाखला आपल्याच देशांत घडला आहे. भरतपूरचें केवलादेव उद्यान हें पाणपक्ष्यांचें जगप्रसिद्ध स्थान. १९८५ सालीं त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथें दर हिंवाळ्यांत शुभ्र सायबेरियन क्रौंच येत. १९६० च्या दशकाच्या मध्यास त्यांची संख्या सुमारें २०० होती. ती उतरत उतरत २००१-०२ च्या हिंवाळ्यांत एका जोडीवर आली, आणि त्यानंतर ते तेथें आले नाहींत. भरतपुरास उद्यान होतें, पहारा होता, कायदा होता. परंतु पश्चिम सायबेरियांतून निघालेला हा पक्षी मध्य आशिया, अफगाणिस्तान व पाकिस्तान ओलांडून येत असे. त्या वाटेवर त्याची शिकार होई, आणि विसाव्याचीं तळीं सुकत चाललीं होतीं. या क्रौंचांसाठीं राष्ट्रांमध्यें समझोता झाला तो १९९३ सालीं. तोंवर थव्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पक्षी उरले होते. याच जातीचा पूर्वेकडील थवा, जो हिंवाळ्यांत चीनच्या पोयांग सरोवरावर उतरतो, अद्याप कांहीं हजारांच्या संख्येनें टिकून आहे. पक्षी एकाच जातीचे. एका वाटेचे संपले, दुसऱ्या वाटेचे राहिले.

राष्ट्रांना ही गोष्ट हळूहळू उमगली. अमेरिका व कॅनडा यांच्यामधील प्रवासी पक्ष्यांसाठीं १९१६ सालींच तह झाला होता. इराणांतील रामसर या गांवीं २ फेब्रुवारी १९७१ रोजीं पाणथळ जागांविषयींचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यांत १९८२ सालीं सामील झाला. त्या कराराखालीं नोंदलेल्या भारतीय स्थळांची संख्या जून २०२५ मध्यें ९१ वर गेली. पूर्व आशिया व ऑस्ट्रेलिया यांच्या आकाशमार्गासाठीं २००६ सालीं सरकारें आणि संस्था यांची एक भागीदारीच स्थापन झाली. आपल्याकडे येणारे पक्षी ज्या मार्गानें येतात त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. उत्तर ध्रुवाकडील समुद्रापासून हिंदी महासागरापर्यंत तो पसरला आहे. त्यांत ३० देश येतात आणि पाणपक्ष्यांच्या १८२ जाति त्याचा उपयोग करतात. या मार्गाची कार्ययोजना ठरविणारी बैठक २००५ सालीं नवी दिल्लीस झाली. भारतानें २०१८ मध्यें आपल्यापुरता राष्ट्रीय आराखडा तयार केला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें समरकंद येथील परिषदेंत या मार्गासाठीं स्वतंत्र सहकार्ययोजना मान्य होऊन तिचें समन्वयाचें काम भारताकडे आलें.

दिल्लीचे आणि समरकंदचे ठराव आपल्या गांवतळ्याच्या कांठापर्यंत कसे पोंचावे, हा खरा प्रश्न आहे. येथें खानदेशानें कोणाच्या तोंडाकडे पाहण्याचें कारण नाहीं. अनेक मालकांनीं मिळून एक पाणी सांभाळण्याची विद्या आमच्या पूर्वजांना अवगत होती. तिचें नांव फड पद्धति. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर बंधारे घालून पाट काढीत आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडीत. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, पुढच्या सालीं तें फिरवावयाचें, असा नेम असे. बहुतेकांची जमीन एकाहून अधिक फडांत असल्यामुळें तोट्याचा वांटा सर्वांनाच उचलावा लागे. पाऊस कमी झाला तर कोणत्या फडाला पाणी द्यावयाचें आणि कोणता कोरडा ठेवावयाचा, हें सर्वांनीं बसून ठरवावें. पाटकरी, हवालदार, जागले हे नेमलेले, आणि दरसाल पाट साफ करण्याचें काम सगळ्यांचें. सरकारी दप्तराचा आधार नसतांना ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालली, कारण वरच्याचा स्वार्थ खालच्याच्या स्वार्थाशीं बांधलेला होता. मध्य आशियाई उड्डाणमार्ग हा ३० देशांचा असाच एक फड आहे असें समजावें. त्यांत आपला तुकडा लहान आहे. पण पाट साफ करण्याची आपली पाळी चुकत नाहीं.

या तुकड्याची आजची अवस्था काय? केंद्र सरकारनें २०१७ सालीं पाणथळ जागांच्या रक्षणाचे नियम केले. परंतु पिण्याच्या पाण्यासाठीं अगर सिंचनासाठीं मुद्दाम बांधलेले जलाशय त्या नियमांच्या व्याख्येंतूनच वगळलेले आहेत. खानदेशांतील मोठीं पाणीं बहुतेक अशींच बांधलेलीं. पक्ष्याला मारणाऱ्याला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा शिक्षा करतो. पण पक्ष्यापुढचें ताट पालथें करणाऱ्याला अडविण्यास हे नियम येथें उपयोगी पडत नाहींत. आणि ताट पालथें होतें तें बहुधा चांगल्या हेतूनेंच. तळ्याचें सुशोभीकरण म्हणून कांठावर दगडी भिंत घालतात, गाळ उपसतांना कांठापर्यंत सारखी खोली करतात, भोंवतीं रस्ता करून रात्रभर दिवे लावतात. पाणी आरशासारखें दिसूं लागतें आणि पाणपक्षी निघून जातात. कारण सोपें आहे. पृष्ठभागावर चरणाऱ्या बदकाची मान जेथवर पोंचते, म्हणजे वीतभर किंवा फार तर हातभर खोल पाण्यांत, तेथवरच त्याचें अन्न. टिलव्याला तर ओला चिखलच हवा. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत धरणाचें पाणी जसजसें मागें सरतें, तसतसा नवा चिखल रोज उघडा पडतो. तें त्या पक्ष्यांचें वाढलेलें पान. तो उतरता, ओबडधोबड, गवताळ कांठ म्हणजेच तळ्याचा प्राण, आणि आपण नेमका तोच बांधून काढतों.

मनुष्यानें बांधलेल्या पाण्यालाहि मान मिळूं शकतो, याचें उदाहरण शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत आहे. निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभीं सिंचनासाठींच बांधला गेला. वर्षानुवर्षें गाळ सांचून बेटें झालीं, पाणवनस्पती माजल्या, पक्षी आले. १९८६ सालीं तेथें अभयारण्य जाहीर झालें, आणि रामसर यादींत नोंद झालेलें महाराष्ट्रांतील पहिलें स्थळ म्हणून जानेवारी २०२० मध्यें त्याचें नांव प्रसिद्ध झालें. लोणार व ठाण्याची खाडी हीं त्याच्यामागून आलीं.

आतां कोणी म्हणेल कीं, पाहुण्यांचें कौतुक करतांना यजमानाच्या पोटाचें काय? आक्षेप योग्य आहे, आणि त्याला उत्तर दिल्यावांचून कोणतीहि योजना टिकणार नाहीं. धरणाचें पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनींत गाळपेर करून कित्येक कुटुंबें जगतात. भोई व कोळी बांधव त्याच पाण्यांत जाळीं टाकतात. हंस उभ्या गव्हाहरभऱ्यांत उतरले तर नुकसान होतें. या मंडळींना दूर सारून पाणथळ राखूं पाहणें म्हणजे फडांतील कांहींना वगळून पाट चालविण्यासारखें आहे. त्यांच्याशींच बसून ठरवावें, कीं पाण्यालगतचा एक पट्टा नांगरावयाचा नाहीं, आणि त्याची भरपाई द्यावयाची. गाळपेरीच्या पिकावर विषारी औषधें मारावयाचीं नाहींत, कारण तें विष दुसऱ्या दिवशीं पाण्यांत उतरतें. थवे जेथें विसावतात तेथें जाळें सोडावयाचें नाहीं, कारण बुडी मारणारीं बदकें त्यांत अडकून मरतात. राजस्थानांत मेनार येथील गांवकऱ्यांनीं आपल्या तळ्यांवर शिकार व मासेमारी स्वतःच बंद ठेविली. खीचन येथील लोक वर्षानुवर्षें करकोच्यांना दाणे घालीत आले. जून २०२५ मध्यें हीं दोन्ही स्थळें रामसर यादींत आलीं. आधीं गांवानें राखलें, मग जगानें मानलें, हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

रोगराईचीहि एक बाजू आहे. २००५ सालीं चीनमधील चिंघाई सरोवरावर पक्षिज्वरानें हजारों पाणपक्षी मेले. त्यांत पट्टकादंब पुष्कळ होते. फेब्रुवारी २००६ मध्यें आमच्याच खानदेशांत, नवापूर येथील कोंबड्यांत त्या जातीचा रोग प्रथमच भारतांत आढळला आणि तेथील व्यवसायावर मोठें संकट कोसळलें. नोव्हेंबर २०१९ मध्यें राजस्थानच्या सांभर सरोवरावर जीवाणूंच्या विषानें सुमारें १८,००० पक्षी मेले. अशा वेळीं भिऊन तळें बुजविणें हा उपाय नव्हे. वरच्या मुक्कामावरची बातमी खालच्या मुक्कामास वेळेवर कळणें, मेलेले पक्षी तत्काळ व काळजीपूर्वक उचलले जाणें, हा उपाय. आणि तो शेजाऱ्यांचें एकमेकांशीं बोलणें असल्याशिवाय साधत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी आहे. तापी मध्यप्रदेशांत मुलताईस उगम पावते, बऱ्हाणपुरावरून खानदेशांत येते, आणि गुजराथेंत उकाईच्या धरणांतून सुरतेकडे जाते. पूर्णेचें पाणी वऱ्हाडांतून येतें. पक्षी या सर्व पाण्यांवर फिरते राहतात; एका तळ्यावर त्रास झाला तर दुसऱ्यावर जातात. तेव्हां या खोऱ्यांतील पाटबंधारे खातें, वनखातें, मच्छीमारांच्या सहकारी संस्था, गाळपेर करणारे शेतकरी, पक्षिमित्र आणि शाळा यांचें एक मंडळ असावें. त्यानें हिंवाळ्याच्या आरंभीं एकदां व अखेरीस एकदां बसावें. कोणत्या जलाशयांतून पाणी केव्हां सोडणार, कोणता कांठ मोकळा ठेवणार, कोठें काय आढळलें, एवढ्याच गोष्टी त्यानें बोलाव्या. फडाच्या पंचांनीं याहून जास्त कांहीं केलें नाहीं, आणि त्यांचें पाणी पिढ्यान् पिढ्या पुरलें.

घरांतील मंडळींनीं काय करावें? गेल्या शतकांत पक्षिशास्त्राला वळण लावणारा एक मनुष्य डेन्मार्कमधील शाळामास्तर होता. हान्स मॉर्टेन्सन यानें १८९९ सालीं पक्ष्यांच्या पायांत आंकडा कोरलेलीं हलकीं कडीं घालून त्यांना सोडून दिलें. कोठें तरी तें कडें सांपडलें म्हणजे प्रवासाचा पत्ता लागे. त्याच रीतीनें पुढें सलीम अली यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळानें भारतांत हजारों पक्ष्यांना कडीं घातलीं. एका शिक्षकाच्या हातून एवढें होऊं शकतें, तर आमच्या एकत्र कुटुंबांत किती हात आहेत! १९८७ पासून दर जानेवारींत आशियाई पाणपक्षी गणना होते. जवळच्या पक्षिमित्रांबरोबर घरांतील मुलामुलींना सकाळीं तळ्यावर पाठवावें व मोजदाद शिकवावी. सालोसाल घेतलेली अशी साधी नोंदच ‘येथें पक्षी येतात’ हें कागदावर सिद्ध करते. निर्माल्य आणि मूर्ति तळ्यांत सोडूं नयेत. पद्मालयाच्या देवाला त्याचें तळें स्वच्छ असणेंच अधिक आवडेल. घरांत कोणी अभियंता असेल, वकील असेल, नगरपालिकेचा सभासद असेल, तर तळ्याच्या कांठावर भिंत घालण्याचा ठराव पुढें येईल त्या दिवशीं त्यानें उथळ कांठाचा कैवार घ्यावा.

लवकरच कार्तिक येईल. सायबेरियांत थंडी पडूं लागेल, तिबेटांतील तळीं गोठूं लागतील, आणि पक्षी आपापल्या वाटेला लागतील. वाटेंतल्या ३० देशांनीं काय करावें हें आपल्या हातीं नाहीं. परंतु ते तापीच्या खोऱ्यावर येऊन खालीं पाहतील, तेव्हां त्यांना उतरतां येण्याजोगा वीतभर पाण्याचा कांठ दिसावा, एवढें आपल्या हातीं आहे.